टॉपच्या लोकांमध्ये किती विषमता आहे ते मोजायचं कसं? इन्फॉर्मेट्रिक्समध्ये (पेपर्स, सायटेशन्स असल्या गोष्टी मोजण्याच्या शास्त्रात) नव्याने आलेल्यांसाठी

कुठल्याही विषयातल्या संशोधकांची यादी घ्या, प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या पेपर्सना मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपर्समध्ये केलेले उल्लेख) लिहा आणि मोठ्याकडून छोट्याकडे लावा. चित्र जवळपास नेहमी सारखंच दिसतं, वर दोन-चार जण पार आभाळात, मग झपकन उतार, आणि खाली लांबच लांब शेपटी जिथे दोन, एक, शून्य असले आकडे. आल्फ्रेड लोटका यांनी हे १९२६ मध्येच दाखवलं होतं, केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सच्या १९०७ ते १९१६ च्या सूचीतली फक्त ए आणि बी अक्षरांची ६८९१ नावं मोजून. दोन पेपर लिहिणारे हे एक पेपर लिहिणाऱ्यांच्या साधारण पाव, तीन लिहिणारे नवव्या भागाइतके, आणि एकच पेपर लिहून थांबलेले जवळपास ६० टक्के. १९३४ मध्ये ब्रॅडफर्ड यांना जर्नल्सच्या बाबतीत असंच काहीतरी सापडलं, मूठभर जर्नल्समध्ये एखाद्या विषयाचे ढीगभर लेख आणि बाकीचे शेकडो जर्नल्समध्ये विखुरलेले. का होतं याचं एक उत्तर रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मॅथ्यू इफेक्ट या नावाने दिलं, आपल्याकडे त्याला तीन शब्दांत सांगतात, पैशाकडे पैसा जातो.

म्हणजे विषमता आहे हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न असतो किती आहे, आणि नवीन माणूस इथेच फसतो. कारण कोणीतरी सांगतं गिनी काढ (विषमता ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ० म्हणजे सगळे सारखे), तो काढतो, ०.५६ येतं, आणि मग तो आकडा घेऊन पुढे पळत सुटतो. मी पण पळालो होतो. नंतर लक्षात आलं की त्या आकड्यातला बराचसा भाग माझ्या डेटाने नाही तर मी यादी कुठे कापली त्याने ठरला होता, आणि "टॉप परफॉर्मर्स" म्हटलं की कापणं आलंच. म्हणून या लेखात फॉर्म्युल्यांइतकाच वेळ मी कापण्यावर घालवणार आहे.

पहिली पायरी: कोण, काय आणि कसं मोजायचं

कॅल्क्युलेशनच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहा. एकक कोण, म्हणजे माणूस, पेपर, जर्नल, संस्था की देश. मोजायचं काय, पेपर्सची संख्या की सायटेशन्स की अजून काही. कालावधी कुठला. आणि एका पेपरचं क्रेडिट अनेक लेखकांत कसं वाटायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळे लिहितात, शेवटच्या दोन विसरतात.

कालावधीचं बघा. २००५ चा पेपर आणि २०२२ चा पेपर एकाच यादीत टाकला तर जुन्याला सायटेशन्स गोळा करायला १७ वर्षं जास्त मिळालेली असतात, मग तुम्ही जी विषमता मोजता ती अर्धी वयाची असते. उपाय साधा आहे, प्रत्येक पेपरला सारखीच खिडकी द्या, समजा प्रकाशित झाल्यापासून पाच वर्षं. विषयाचंही तसंच, गणितात सायटेशन्स हळू आणि कमी येतात, बायोमेडिकलमध्ये धडाधड, तर दोन्ही एकत्र केले तर टॉपला सगळे एकाच विषयाचे दिसतील. एकत्र करणं भागच असेल तर प्रत्येक पेपरची सायटेशन्स त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या पेपर्सच्या सरासरीने भागून घ्या.

आता क्रेडिट. फुल काउंटिंग म्हणजे प्रत्येक लेखकाला पूर्ण एक पेपर, फ्रॅक्शनल म्हणजे दहा लेखक असतील तर प्रत्येकाला दहावा हिस्सा. फरक किती पडतो बघायचं असेल तर २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर आलेला अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा पेपर आठवा, त्यावर ५१५४ लेखक होते आणि ३३ पानांतली २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. फुल काउंटिंगमध्ये त्या पेपरची सगळी सायटेशन्स ५१५४ वेळा मोजली जातात, तुमच्या टॉप १००० मध्ये त्या दोन प्रयोगांच्या टीममधलीच माणसं भरतात आणि ते एकमेकांसारखेच असल्यामुळे वरच्या थरात भलतीच समानता दिसायला लागते! मी दोन्ही पद्धतीने काढतो. एकच काढायची असेल तर फ्रॅक्शनल.

डेटा कुठून घ्यायचा यावर जास्त बोलत नाही, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन डेटाबेसचं सबस्क्रिप्शन असेल तर ते, नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स फुकट आहे आणि २०२२ पासून चालू आहे. नावांचा घोळ तिन्हीकडे असतो, त्याच्यावर शेवटी येतो.

दुसरी पायरी: हाताने एकदा काढून बघा

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी दहा आकड्यांवर स्वतः करा, नाहीतर नंतर आकडा चुकला तरी कळणार नाही. समजा दहा संशोधक आहेत आणि त्यांची सायटेशन्स अशी (आकडे मी बनवलेत, बेरीज सोपी यावी म्हणून):

१२०, ६०, ४०, २५, २०, १२, १०, ७, ४, २

बेरीज ३००. सरासरी ३०, पण सरासरीच्या वर फक्त तीनच जण आहेत, आणि मधला माणूस शोधला तर मीडियन १६. अशा डेटात सरासरी कोणाचंच वर्णन करत नाही हे इथेच दिसतं. खऱ्या डेटातही हेच, पेर सेग्लेन यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की सर्वाधिक सायटेशन्सवाल्या १५ टक्के लेखांकडे निम्मी सायटेशन्स जातात आणि वरच्या निम्म्या लेखांकडे ९० टक्के. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांच्या सरासरी सायटेशन्सवरून, त्यातल्या एखाद्या लेखाची किंमत ठरवू नका असं जे म्हणतात त्याचं मूळ कारण हेच आहे.

सगळ्यात आधी टॉपचा हिस्सा काढा, कारण तो आजीलाही समजतो. पहिल्याकडे ४० टक्के, पहिल्या दोघांकडे ६०, पहिल्या तिघांकडे ७३. बस. वाचणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच सांगा. २०२१ मध्ये नील्सन आणि अँडरसन यांचा पीएनएएस या जर्नलमध्ये जो अभ्यास आला त्यातला लोकांच्या लक्षात राहिलेला आकडा पण असाच आहे, सर्वाधिक सायटेशन्सवाल्या १ टक्के शास्त्रज्ञांचा हिस्सा २००० मध्ये १४ टक्के होता तो २०१५ मध्ये २१ टक्के झाला. गिनी त्यांनी पण दिलाय, ०.६५ वरून ०.७०, पण तो कोणाच्या डोक्यात राहत नाही.

मग लोरेंझ कर्व्ह. १९०५ ची आयडिया आहे, संपत्तीसाठी केलेली. छोट्याकडून मोठ्याकडे लावा आणि चालू बेरीज करत जा: २, ६, १३, २३, ३५, ५५, ८०, १२०, १८०, ३००. आडव्या अक्षावर लोकांचा टक्का, उभ्यावर सायटेशन्सचा टक्का. खालच्या ५० टक्के लोकांकडे ३५ म्हणजे जेमतेम १२ टक्के. सगळे सारखे असते तर सरळ तिरपी रेघ आली असती, आपला कर्व्ह त्या रेघेच्या खाली पोट काढून लोंबतो, आणि ते पोट जितकं मोठं तितकी विषमता जास्त.

गिनी म्हणजे त्या पोटाचं क्षेत्रफळ, रेघेखालच्या पूर्ण त्रिकोणाने भागलेलं. स्प्रेडशीटमध्ये असं करा: पहिल्या कॉलममध्ये आकडे चढत्या क्रमाने, दुसऱ्यात १ ते १० क्रमांक, तिसऱ्यात दोघांचा गुणाकार. तिसऱ्या कॉलमची बेरीज आपल्या उदाहरणात २४८६ येते. तिची दुप्पट करा, लोकसंख्या गुणिले एकूण सायटेशन्स म्हणजे ३००० ने भागा, आणि त्यातून ११ भागिले १० (लोकसंख्या अधिक एक, भागिले लोकसंख्या) वजा करा. १.६५७ वजा १.१, म्हणजे ०.५५७. इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे उतरत्या क्रमाने लावणं, तसं केलं तर उत्तर निगेटिव्ह येतं, आणि ते बघून काही लोक घाबरून अ‍ॅबसोल्यूट व्हॅल्यू घेतात. गंमत म्हणजे उत्तर बरोबरच येतं, पण कशामुळे ते त्यांना माहीत नसतं.

एक बारीक गोष्ट. दहाच लोक असतील आणि सगळं एकाकडेच असेल तरी हा गिनी १ होत नाही, ०.९ वरच थांबतो. म्हणून छोट्या यादीत त्याला १० भागिले ९ ने गुणतात, आपला आकडा ०.६१९ होतो. इन्फॉर्मेट्रिक्सच्या जुन्या पेपर्समध्ये प्रॅट इंडेक्स भेटेल, १९७७ चा, तो म्हणजे हाच दुरुस्त केलेला गिनी, वेगळा समजून दोन्ही टेबलात टाकू नका. हजार लोकांच्या यादीत या दुरुस्तीने काही फरक पडत नाही, वीस-तीसच्या यादीत पडतो, आणि टॉप परफॉर्मर्सच्या याद्या बहुतेक वेळा छोट्याच असतात.

आता हर्फिंडाल-हर्शमन, लोक एचएचआय म्हणतात. प्रत्येकाचा हिस्सा काढा, वर्ग करा, बेरीज करा. आपल्याकडे ०.४ चा वर्ग ०.१६, ०.२ चा ०.०४, असं करत एकूण ०.२३३ येतं. काही ठिकाणी हिस्सा टक्क्यात घेतात आणि मग २३२६ असा आकडा दिसतो, गोंधळू नका, तोच आहे. आणि याचा उलटा आकडा, १ भागिले ०.२३३, म्हणजे ४.३, हा मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचा अर्थ सरळ लागतो: यादीत नावं दहा आहेत, पण सगळं इतकं वर साचलंय की जणू सारख्या ताकदीचे चारच जण काम करतायत. इकॉलॉजीवाले प्रजाती मोजताना हेच सिम्पसनच्या नावाने वापरतात.

थाइल इंडेक्स पण आहे, लॉगरिदमवाला, आपल्या डेटावर ०.५४ येतो. तो तेव्हाच काढा जेव्हा तुम्हाला विषमता तोडून दाखवायची असेल, किती विषयाविषयांमधली आणि किती एकेका विषयाच्या आतली. तिथे तो राजा आहे कारण तुकड्यांची बेरीज तंतोतंत पूर्ण विषमतेइतकी होते, गिनीत ती होत नाही.

तिसरी पायरी: आता यादी कापून बघा

इथून मजा सुरू होते. समजा कोणी म्हणालं मला सगळे नकोत, फक्त टॉप ५ मधली विषमता सांग. खालचे पाच काढून टाका, उरले १२०, ६०, ४०, २५, २०, बेरीज २६५. गिनी पुन्हा काढा.

०.५६ चा थेट ०.३५ झाला.

तीच माणसं, तीच सायटेशन्स, वरच्याचं वर्चस्व तसूभरही कमी झालेलं नाही, पण गिनी म्हणतोय की इथे बऱ्यापैकी समानता आहे. कारण गिनीला मोठा भाग खालच्या शेपटीतून मिळत होता, ती कापली. आणि त्याच टॉप ५ वर एचएचआय काढा, तो ०.२३ वरून ०.२९ वर चढतो! एक आकडा म्हणतो विषमता कमी झाली, दुसरा म्हणतो एकवटणं वाढलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. गिनी लोकांमधलं अंतर मोजतो, एचएचआय सत्ता किती कमी हातांत आहे ते मोजतो, आणि माणसं कमी केली की हात कमी होणारच.

उलट दिशेने करून बघा. मूळ दहांच्या यादीत एकही सायटेशन नसलेले दहा जण जोडा. गिनी ०.५६ वरून ०.७८ होतो, आणि एचएचआय जागचा हलत पण नाही, कारण शून्याचा वर्ग शून्य. याचा तयार फॉर्म्युला पण आहे, नवा गिनी म्हणजे शून्यवाल्यांचा वाटा, अधिक उरलेल्यांचा वाटा गुणिले जुना गिनी. ०.५ अधिक ०.५ गुणिले ०.५५७. हा फॉर्म्युला पाठ करून ठेवा कारण दोन अभ्यासांचे गिनी जुळत नाहीत तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा एकाने शून्यवाले धरलेले असतात आणि दुसऱ्याने नाही, आणि दोघांनीही ते कुठे लिहिलेलं नसतं.

अजून एक प्रयोग, वरच्या थराबद्दल बोलायचं असेल तर हा नक्की करा. मूळ यादीत तिसऱ्याची १० सायटेशन्स काढून दुसऱ्याला द्या, म्हणजे ४० चे ३० आणि ६० चे ७०. गिनी ०.००६७ ने वाढतो. आता ते परत करा आणि त्याऐवजी दुसऱ्याची १० काढून पहिल्याला द्या, ६० चे ५० आणि १२० चे १३०. गिनी पुन्हा ०.००६७ नेच वाढतो, अगदी तेवढाच, कारण त्याला फक्त रँकमधलं अंतर दिसतं आणि दोन्ही वेळा ते एकच आहे. एचएचआय पहिल्या वेळी ०.००६७ ने वाढतो पण दुसऱ्या वेळी ०.०१५६ ने, दुपटीहून जास्त. म्हणजे अगदी शिखरावर काय चाललंय यात तुम्हाला रस असेल तर गिनी तुम्हाला ते नीट सांगणार नाही, तो आंधळा नाही पण त्याची नजर मधल्या गर्दीवर असते.

म्हणून माझी पद्धत अशी झालीये की टॉपचा हिस्सा, गिनी आणि एचएचआयचा उलटा आकडा, तिन्ही एका ओळीत, आणि ती ओळ एकदा नाही तर तीन-चार कट-ऑफवर. सगळे, टॉप ५० टक्के, टॉप १० टक्के, टॉप १ टक्के. एकच कट-ऑफ दिला की वाचणारा विचारणारच की हाच का, आणि "शंभर हा गोल आकडा आहे म्हणून" हे उत्तर फार लाज आणतं.

कापताना टायचं, म्हणजे सारख्या आकड्यांचं बघा. टॉप १० टक्क्यांची सीमा जिथे पडते तिथे एकसारखी सायटेशन्स असलेले चाळीस जण उभे असू शकतात, खाली गेलं की तर असतातच. सगळे घ्या, किंवा सगळे सोडा, किंवा प्रत्येकाला अपूर्णांकात आत घ्या म्हणजे बेरीज बरोबर १० टक्के येईल. काहीही करा पण सॉर्ट केल्यावर सॉफ्टवेअरने जे वर ठेवले ते घेऊ नका, ते बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरावर ठरतं.

चौथी पायरी: शिखराचा आकार कसा आहे

हा भाग थोडा गणिती आहे, कंटाळा आला तर खाली उडी मारा, पण मला तरी या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

वर आपण बघितलं की कापलं की गिनी उतरतो. नेहमीच उतरतो का? नाही. तुमचा डेटा जर शुद्ध परेटो असेल (लांब जाड शेपटीचं वितरण, ज्यात पातळी दुप्पट केली की तिच्या वरचे लोक दर वेळी ठराविक पटीनेच कमी होतात) तर तुम्ही खालून कितीही कापा, उरलेल्यांचा गिनी तोच राहतो. टॉप १० टक्क्यांत जितकी विषमता, टॉप १ टक्क्यात पण तितकीच, टॉप ०.१ मध्ये पण तितकीच. शिखराच्या आत अजून एक तसंच शिखर. परेटोचा घातांक आल्फा असेल तर गिनी येतो १ भागिले (दोन आल्फा वजा १). आल्फा २ असेल तर ०.३३. प्रसिद्ध ८०-२० वाला नियम आल्फा साधारण १.१६ वर बसतो आणि तिथे गिनी ०.७६ येतो. लॉगनॉर्मल डेटात (ज्याचे लॉग घेतले की घंटेसारखा नॉर्मल कर्व्ह येतो) मात्र वर वर जाल तसा गिनी घसरत जातो, म्हणजे टॉपचे लोक इतरांपेक्षा फार वर असतात पण आपापसात बऱ्यापैकी जवळ.

म्हणजे कट-ऑफ बदलून गिनी कसा वागतो हीच एक टेस्ट झाली. याहून सोपी पण आहे. एक पातळी घ्या, समजा १०० सायटेशन्स. त्याच्या वरच्या सगळ्यांची सरासरी काढा आणि १०० ने भागा. मग २००, ४००, ८०० वर हेच करा. भागाकार साधारण एकच राहिला, समजा प्रत्येक वेळी २ च्या आसपास, तर परेटोसारखं आहे (आल्फा २ ला तो बरोबर २ येतो). हळूहळू १ कडे उतरत गेला तर नाही. पाच मिनिटांचं काम आहे. लॉग-लॉग ग्राफ काढून त्यावर सरळ रेघ ओढून आल्फा काढायची सवय मात्र लावून घेऊ नका, ती पद्धत दिसायला छान पण शेवटच्या चार-पाच बिंदूंच्या लहरीवर नाचते. क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांनी २००९ मध्ये मॅक्सिमम लाइकलिहूडने (म्हणजे जो आल्फा धरला तर आपला डेटा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तो निवडून) कसं करायचं ते नीट लिहून ठेवलंय, आर आणि पायथनमध्ये त्याची पॅकेजेस आहेत.

जाता जाता, प्राइस यांचा वर्गमुळाचा नियम तुम्हाला सगळीकडे सांगितला जाईल, की १०० लेखक असतील तर त्यातले १० जण निम्मे पेपर लिहितात. ऐकायला झकास, पण खऱ्या डेटावर तपासला की बऱ्याच वेळा बसत नाही, तेव्हा तो नियम म्हणून लिहू नका, फार तर अंदाज म्हणून. त्यापेक्षा कोलकाता इंडेक्स काढा, तो २०१४ मध्ये आला. लोरेंझ कर्व्हवर असा बिंदू शोधायचा जिथे वरच्या अमुक टक्क्यांकडे बरोबर उरलेल्या टक्क्यांइतका हिस्सा आहे. आपल्या दहा जणांत वरच्या २९ टक्क्यांकडे ७१ टक्के येतात, म्हणजे इंडेक्स ०.७१. ८०-२० असं आपण तोंडाने म्हणतो तेच, फक्त तुमच्या डेटाने सांगितलेलं.

पाचवी पायरी: दोन गटांची तुलना

एचएचआय गटाच्या आकारावर अवलंबून असतो. तोच गट दोनदा लिहिला, म्हणजे १० च्या ऐवजी २० जण पण आकडे तेच, तर गिनी बदलत नाही आणि एचएचआय निम्मा होतो. तेव्हा ४० जणांच्या विषयाची ४००० जणांच्या विषयाशी एचएचआयवर तुलना करून "मोठ्या विषयात एकवटणं कमी" असं लिहिलंत तर तुम्ही फक्त गटाचा आकार सांगितला. एकतर गिनी वापरा, नाहीतर उलटा आकडा घेऊन त्याला माणसांच्या संख्येने भागा. आपल्याकडे ४.३ भागिले १०, म्हणजे ०.४३.

दुसरं, दोन गटांचा गिनी सारखा आला म्हणजे ते सारखे नसतात. एकात एक महाराजा आणि बाकी सगळे सारखे, दुसऱ्यात निम्म्यांकडे सगळं आणि निम्म्यांकडे काहीच नाही, दोन्हींचा गिनी ०.५ येऊ शकतो. म्हणून दोन्ही लोरेंझ कर्व्ह एकाच ग्राफवर काढा. एक पूर्णपणे दुसऱ्याच्या खाली असेल तर निर्धास्त सांगा की इथे जास्त विषमता आहे. एकमेकांना छेदत असतील तर "कुठला जास्त विषम" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, टॉपला हा जास्त, तळाला तो जास्त, एवढंच खरं.

आणि फरक ०.०२ चा असेल तर बूटस्ट्रॅप करा. यादीतून तितकेच लोक चिठ्ठ्या उचलल्यासारखे पुन्हा पुन्हा निवडायचे, उचललेली चिठ्ठी परत टाकायची, हजार वेळा गिनी काढायचा आणि तो किती हलतो बघायचा. पन्नास जणांच्या टॉप लिस्टमध्ये तो इतका हलतो की ०.०२ चा फरक विसरून जावासा वाटतो. शेपूट फार जाड असेल तर बूटस्ट्रॅप पण थोडं फसवतं आणि गिनी खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण खरे राक्षस तुमच्या सॅम्पलमध्ये आलेलेच नसतात.

एकाच माणसाच्या आतली विषमता

हे बरेच जण विसरतात. टॉप परफॉर्मर्सची तुलना बहुतेक वेळा एच-इंडेक्सवर होते, हर्श यांचा २००५ चा (एच ५ म्हणजे किमान ५ सायटेशन्स असलेले ५ पेपर), आणि तो एकवटणं मुद्दाम लपवतो. दोन संशोधक घ्या, दोघांचा एच ५. पहिल्याच्या वरच्या पाच पेपर्सची सायटेशन्स ६, ६, ५, ५, ५. दुसऱ्याची २००, ३०, ८, ६, ५. पहिल्याच्या पाचांतला गिनी ०.०४, दुसऱ्याचा ०.६७, आणि दुसऱ्याच्या एकाच पेपरकडे त्या पाचांमधली ८० टक्के सायटेशन्स. लियो एख्खे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला तो या जास्तीच्या सायटेशन्सना किंमत देण्यासाठीच. कोण भारी यावर मी मत देणार नाही, एक मोठा फटका मारणारा आणि सातत्याने धावा काढणारा यांची तुलना ज्याची त्याने करावी, फक्त दोघांना एच ५ म्हणून एकाच रांगेत बसवून वर त्या रांगेतली विषमता मोजू नका.

शेवटचं काम: वरचं नाव उघडून बघा

सगळं झाल्यावर सगळ्यात वरचं नाव काढून टाका आणि पुन्हा मोजा. आपल्या उदाहरणात १२० वाला गेला की गिनी ०.५६ चा ०.४८ होतो आणि उलटा आकडा ४.३ चा जवळपास ५. एका माणसाने एवढं हलत असेल तर तो माणूस नक्की एकच आहे ना हे बघायलाच हवं, कारण डेटाबेसमध्ये दोन-तीन सारख्या नावांचे लोक एका प्रोफाइलमध्ये जोडले जातात आणि जोडलेलं प्रोफाइल साहजिकच यादीत वर जाऊन बसतं. म्हणजे ही चूक यादीभर सारखी पसरलेली नसते, ती नेमकी तिथेच साचते जिथे तुम्ही मोजताय. समजा तो १२० वाला म्हणजे खरे दोन जण निघाले, एकाची ७०, दुसऱ्याची ५०. आता यादीत ११ जण, गिनी ०.४६, आणि उलटा आकडा ४.३ वरून ६.५ वर. नुसत्या एका नावाने.

मी आता वरच्या वीस प्रोफाइल्स हाताने उघडतो. ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आहे का, पेपर्सचे विषय एकमेकांशी जुळतात का, एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या संस्थांचा पत्ता दिसतो का, पहिल्या पेपरपासून शेवटच्या पेपरपर्यंत सत्तर वर्षं तर झालेली नाहीत ना. अर्धा दिवस जातो. एकदा तिसऱ्या नंबरवरचा माणूस त्वचारोगांवर आणि पुलांच्या बांधकामावर एकाच महिन्यात लिहीत होता, त्याला वेगळं केल्यावर माझा तयार झालेला ग्राफ सगळा परत काढावा लागला.